गळ्यातली पाटी

"पाटी घे. नाही तं झाडू घे."

मॅनेजर हे सगळ्यांसमोर ओरडून म्हणाला. बुटीबोरीच्या आमच्या सूतगिरणीत मशिनी सुरू असल्या की ओरडावं तरी लागतं, नाहीतर कानाला तोंड लावून बोलावं लागतं. मी चेकर. कुठे धागा तुटतोय हे मॅनेजरच्या कानात सांगणं माझं काम. त्या दिवशी मी सांगायला वाकले, तर तो नाकाला रुमाल लावून मागे सरकला. मग त्याने लहान पोरांची असते तशी पाटी पुढे केली. दोरी बांधलेली. गळ्यात अडकवायला.

"लिहून दाखवत जाय. तोंडाले वास येते तुह्या. काय काय खाता तुम्ही लोकं, देव जाणे."

तुम्ही लोकं. माझं आडनाव त्याला चांगलं ठाऊक होतं.

वास येत होता, हे खरं. हिरड्यांतून रक्त यायचं आणि मी तसंच रेटत होते. घर माझ्या पगारावर चालायचं. मी पाटी गळ्यात घातली.

त्यानंतर मी तोंडच मिटलं. कापूस उडतो म्हणून आम्ही बाया तोंडाला ओढणी बांधतो. मी ती जेवणाच्या सुट्टीतही सोडेना. डबा तसाच घरी न्यायचा. पाण्यासाठी ओढणी सोडावी लागते, म्हणून पाणीही नाही. नुसत्या लवंगा चघळायच्या. वास वाढतच गेला.

एकदा पाटी काढायची विसरले आणि तशीच घरी आले. बाबांनी दारातच पाहिलं.

"गळ्यात काय आहे वं?"

मी सगळं सांगितलं. बाबांनी पाटी माझ्या गळ्यातून काढली.

"आपल्या जुन्या माणसांच्या गळ्यात मडकं राहे. थुंकी जमिनीवर पडू नाही म्हणून. माह्या बापानं दीक्षा घेतली ते काहून घेतली? अन् तू पाटी घालून आली."

मरणाची लाज वाटली. दुसऱ्याच दिवशी सरकारी दातांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी नाक जवळ आणलं, तशी मी मागे सरकले.

"सरकू नका हो. तपासायचंय मला."

हिरड्या सुजल्या होत्या, दातांवर कीटण चढलं होतं. पाणी पिता का, जेवता का, दिवसभर बोलता का, असं त्यांनी विचारलं. मी नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिले.

"मग वास वाढणारच. उपाशी राहून, तोंड मिटून तोंड कोरडं पडतं. लाळ सुटली पाहिजे. वेळेवर जेवा, पाणी प्या, रात्री झोपताना ब्रश करा, जीभ घासा. आणि बोला."

मला रडू आलं नाही, संताप आला. मॅनेजरने मला गप्प केलं होतं, आणि त्या गप्प राहण्यानेच वास वाढला होता.

दात साफ करून घेतले. हळूहळू रक्त थांबलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नाक जवळ आणून वास गेल्याचं सांगितलं. तरी घरी येऊन बाबांच्या तोंडासमोर श्वास सोडला. खरं सांगा, म्हटलं. "काहीच नाही वं," बाबा म्हणाले.

मग पाटी हातात घेऊन मॅनेजरकडे गेले. ओढणी सोडली. कानाशी वाकले. "साहेब, कोपऱ्यातल्या मशिनीवर धागा तुटून राहिला."

त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. "वास येते. पाटी घाल."

म्हणजे त्याला येणारा वास माझ्या तोंडाचा नव्हताच, आडनावाचा होता. त्याच्या स्वतःच्या गालात खर्रा होता. तंबाखू-सुपारीचा भपका माझ्या तोंडावर येत होता, रोजच येतो. त्याला आजवर कोणी पाटी दिली नव्हती.

मी दिली. त्याच्या हातात कोंबली.

"तुमच्या तोंडाले खर्र्याचा वास येते. आता तुम्ही लिहून दाखवा."

ऐकू कोणालाच गेलं नाही. पण आमच्या गिरणीत बाया ओठ वाचतात, आणि माझी ओढणी सुटलेली होती. पार टोकापर्यंत ओढण्यांआड सगळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने झाडू पुढे केला. मी घेतला नाही, माझ्या जागेवर उभी राहिले. माझं काम करायला एकही बाई पुढे आली नाही. धागे तुटत राहिले, माल खराब होत राहिला. दुपारी त्याने मला हाताने बोलावलं.

आता रोज त्याच्या कानाशी वाकते. एका शब्दाचं काम असलं तरी सावकाश, पुरतं बोलते. तो श्वास रोखून धरतो. धरू दे. मी माफ केलेलं नाही आणि करणार नाही. तो त्या खुर्चीत आहे तोवर त्याच्या कानाशी माझंच तोंड असेल, आणि ते उघडं असेल.