तीन आठवड्यांचं मीठ

आमच्या लायब्ररीत भुताखेतांच्या पुस्तकांचं एक कपाट होतं. सव्वीस वर्षं मी ती पुस्तकं दिली, परत घेतली, जागेवर लावली... एकही उघडून बघावंसं वाटलं नाही. त्यामुळे अशा सदरासाठी लिहायला बसताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. घडलं तेवढंच सांगते.

ग्वाल्हेर, माधवगंज, दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. बँकांची विलीनीकरणं चालू होती त्या काळात ह्यांची शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली आणि ह्यांना एक नवं टेबल मिळालं, ज्यावर काम नव्हतं. ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मग समुद्रापासून इतक्या दूर, मे महिन्यात जिथे नळालाही गरम पाणी येतं अशा गावात, बैठकीत समुद्र आणला. काचेची मोठी टाकी, जिवंत प्रवाळ, दोन केशरी मासे. टाकीखालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी. तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी तिथे उतरतं, कापडी पिशवीतून गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं. वरची टाकी पाहुण्यांसाठी, खरं काम खाली, असं हे म्हणायचे.

त्या खालच्या कामात ह्यांची जोडीदार होती कुमुद, माझी धाकटी नणंद. किला गेटला राहते. दर रविवारी दोघं भाऊ-बहीण कपाटासमोर बसकण मारायची. मी चहा नेऊन ठेवला की कुमुद म्हणायची, "वहिनी, तुम्ही आपलं पुस्तक वाचा, इथे हात ओले होतात." गमतीनेच म्हणायची. मला लागायचं. जेवताना माझ्याशी चार वाक्यं बोलणारा माणूस त्या कपाटात डोकं घालून तासन्‌तास बोलायचा.

मार्चअखेर हे गेले. हृदयविकार. दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. मी हात जोडून म्हटलं, माझी काळजी करू नका, मी नीट राहीन. कावळा भिंतीवर बसून राहिला. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग कुमुद पुढे झाली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या टाकीकडे मी बघेन." कावळा उतरला.

सगळ्यांना भरून आलं. मला मात्र... लिहायला लाज वाटते, पण मला राग आला. तेराव्यानंतर कुमुद टाकीचं करायला आली तेव्हा मी दारातच सांगितलं की टाकी माझ्या घरात आहे, मी बघेन. निदान एकदा समजावून देते, म्हणाली. मी म्हटलं, मला वाचता येतं.

इथेच चूक झाली. उन्हाळ्यात सम्पमधलं पाणी रोज तीन-चार लिटर उडतं. काचेवर ह्यांनी काळ्या टेपची खूण केली होती, तिथवर पाणी भरायचं एवढं मला दिसत होतं. शेजारी पांढऱ्या कॅनमध्ये फिल्टरचं साधं पाणी आणि निळ्या ड्रममध्ये मीठ कालवलेलं. मी ह्यांना पाणी घालताना पाहिलं होतं ते रविवारीच, निळ्या ड्रममधून. तो आठवड्याचा पाणीबदल असायचा. रोज सकाळी हे काय घालतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं — त्या वेळी मी लायब्ररीत असायचे. समुद्र आहे तर पाणी खारंच हवं, असं मी धरून चालले. तीन आठवडे रोज खारं पाणी घातलं. ड्रम संपला तेव्हा मिठाच्या बादलीवरच्या सूचना वाचून नवा कालवला.

एका दुपारी कुमुद आली आणि मला ड्रममध्ये प्लॅस्टिकचा मग बुडवताना बघून जागीच थांबली.

"वहिनी, हे रोज घालता?"

"मग काय घालायचं?"

"अहो, उडतं ते नुसतं पाणी. मीठ तर मागेच राहतं. त्यात तुम्ही रोज अजून मीठ... सब मर जाता अब तक."

तिने कपाटातून खारटपणा मोजायची नळी काढली, काचेवर थेंब ठेवला आणि खिडकीकडे धरून बघितलं. काच पुसली, पुन्हा बघितलं. मग नळी माझ्या हातात दिली. आत निळ्या-पांढऱ्याची सीमा बरोबर पस्तीसवर होती. पस्तीसच हवी असते. तिच्या मते ती बेचाळीसच्या वर जायला हवी होती.

मग तिने विचारलं, गाळणीची पिशवी कधी धुतली. पिशवी धुवायची असते हेच मला माहीत नव्हतं. ती तीन-चार दिवसांत काळपट होते म्हणे. आमची पांढरी स्वच्छ होती.

"माझ्याकडे तर तुमच्या घराची चाबी पण नाही," कुमुद हळूच म्हणाली.

फूलबागजवळच्या दुकानदाराला मी बाटलीत पाणी नेऊन दाखवलं. आधी म्हणाला, मॅडम, मीटर आउट होगा. मग त्याच्या यंत्रातही पस्तीस आलं. मी किती मीठ घातलंय ते सांगितल्यावर तो हसला. त्याला वाटलं, मला नीट आठवत नसावं.

मला भीती वाटायला हवी होती, किंवा आधार. पण मनात आलं ते एवढंच — हे आले, आणि कपाटाशी आले. माझ्या वाट्याला एक स्वप्नसुद्धा नाही.

आता काय घालायचं ते कळलं होतं, तरी पुढचे अकरा दिवस मी मुद्दाम खारं पाणीच घातलं. लायब्ररीतून रजा काढली होती; सकाळपासून पुस्तक घेऊन कपाटासमोर बसायचे. काही हलायचं नाही. संध्याकाळी बघावं तर पस्तीस. शेवटच्या दिवशी ओंजळभर कोरडं मीठ टाकलं. मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागले. मी मोठ्याने म्हटलं, "मी इकडे बसलेय." जरा वेळाने मासे पुन्हा फिरायला लागले. रीडिंग पस्तीस. माझ्याकडे कोणी आलं नाही.

कुमुदला मी फोनवर सगळं सांगून टाकलं. ती लगेच आली. चिडेल असं वाटलं होतं, पण माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "वहिनी, दादाला अजून किती राबवणार?" थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या पण स्वप्नात नाही आला तो. एकदाही नाही."

मला वाईट वाटायला हवं होतं. आधी बरं वाटलं. वाईट नंतर वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी साधं पाणी घालते. पिशवी एक दिवसाआड धुते, मळायची वाट बघत नाही. रविवारी कुमुद येते, पाणी बदलायला मी तिच्याबरोबर बसते. रीडिंग पस्तीसच असतं, आणि आता ते असायलाच हवं. त्यामुळे हे अजून येतात की येत नाहीत, ते मला कळायला मार्ग उरलेला नाही.

इतकं मीठ कुठे गेलं, ते मला सांगता येत नाही. शोध घ्यायचा तर पुन्हा खारं पाणी घालून बघावं लागेल. हात शिवशिवतो, खोटं कशाला सांगू... पण ते मी करणार नाही. लिहून दिलेला शब्द मला मोडवत नाही, म्हणून इथे लिहून देते आहे.