कोंडलेल्या बाईचं माहेर

जुन्या भयकादंबऱ्यांतली कोंडलेली स्त्री ही समस्त मानवजातीच्या दडपलेल्या अंतर्मनाचं प्रतीक आहे, असं मी एका लेखात लिहिलं होतं. पुढे नव्वदच्या दशकात जुन्नरहून मढला जाताना एसटीत एक बाई शेजारी बसली. मांडीवरची रिकामी पिशवी ती सारखी घडी घालून पुन्हा उलगडत होती. माझ्या हातातल्या भयकादंबरीच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या झग्यातली, मेणबत्ती धरलेली बाई पाहून तिनं विचारलं, "हिला काय झालंय, भाऊ?"

"वेड लागलं म्हणून नवऱ्यानं कोंडलीय."

"माझ्या लेकीला बी कोंडलीय. बाहेरचं झालंय म्हणत्यात. आणायलाच चाललेय तिला." मग चित्राकडं बघत म्हणाली, "हिला माहेर न्हवतं व्हय?"

मी आठवून पाहिलं. वाचलेल्या एकाही नायिकेला धड माहेर नव्हतं. आई तर बहुतेक लेखकांनी पहिल्या पानाआधीच मारलेली.

"सासरचे पाठवतील?" मी विचारलं.

"त्यांना इचारतंय कोण?"

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत दोघी माझ्या पुढच्या सीटवर होत्या. लेकीला गाडी लागत होती, म्हणून आईनं तिला खिडकीशी बसवलं होतं.