पहिला कप्तान का बाई कप्तान?

दुधावरची साय एकदा काढली, तरी घटकाभरानं पुन्हा धरतीच. आमच्या हॉटेलातल्या किश्श्यांचं तसंच हाय. एक सांगून संपवावा, तर दुसरा वर आलेला! परंड्याच्या स्टँडासमोर माझं चहाचं हॉटेल. भिंतीवर टीव्ही, अन् टीव्हीवर 'जहाज'. आभाळातल्या जहाजाची ही विलायती मालिका, हिंदीत बोलणारी. किती वर्षं चाललीय, म्या मोजलं न्हाय. जहाज तेच, कप्तान मात्र बदलत गेले. माझ्या गिऱ्हाइकांनी आपापला कप्तान कधी बदलला न्हाय!

*

नामदेवअण्णा एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांचा जीव पहिल्या कप्तानावर. त्याच्या वेळचं जहाज पुठ्ठ्याचं. कुणी दार लावलं की सगळी भिंत हलायची. एकदा सलीमभाई वेल्डर म्हणाला, "अण्णा, भिंत हलतीया की वो तुमच्या जहाजाची!"

अण्णा बशीतला चहा फुंकत म्हणाले, "दार लावल्यावर हलत न्हाय, ती गाडी कसली? आमच्या कुर्डुवाडी गाडीच्या तर काचासुद्धा हलायच्या. पोचत होतो का न्हाय रोज?"

*

सलीमभाईची कप्तान म्हणजे बाई. नव्या भागांतली. एकदा जहाजाला भगदाड पडलं अन् बाईनं स्वतः वेल्डिंग केलं. तोंडापुढं काच न्हाय, हातात मोजे न्हाईत! आम्हाला वाटलं, आता सलीमभाई चिडणार. तो उठून टीव्हीजवळ गेला, लई वेळ निरखून बघितलं.

"नियम मोडला, हे खरं," तो म्हणाला, "पर लाईन बघा, कसली सरळ मारलीय!"

*

जहाजावर एक यंत्रमाणूस हाय. त्याला अरेतुरे करायचं का अहोजाहो, यावर आमच्याकडं मोठा वाद झाला. पोस्टमन गौतम म्हणाला, "यंत्राला कसला मान? आपण मिक्सरला अहो म्हणतो का?"

सलीमभाई म्हणाला, "मिक्सर सल्ला देतो का? हे कप्तानाला सल्ला देत्यात. जहाज बांधलं तवापासून हाईत. वयानं मोठे!"

त्या दिवसापासून आमच्याकडं ते 'यंत्रराव'. आता गौतमच सगळ्यांच्या आधी विचारतो, "यंत्ररावांची तब्येत कशी हाय आज?"

*

सोनारीच्या जत्रेत अण्णा अन् सलीमभाई एका पाळण्यात बसले. पाळणा वर गेला अन् लाईट गेली. बाकीच्या पाळण्यांतनं देवाचा धावा चाललेला, अन् ह्या दोघांच्या पाळण्यातनं भांडण!

"तुमचा कप्तान असता, तर सगळ्यांच्या आधी उडी टाकून पळाला असता!"

"पळंल? आत माणसं असताना? अरे, भरली गाडी सोडून जाणारा ड्रायव्हर न्हाय तो!"

लाईट आली. पाळणेवाला म्हणाला, "उतरा आता."

अण्णा म्हणाले, "अजून एक फेरी मार बाबा. मुद्दा राह्यलाय!"

*

पुढं काचबिंदूनं अण्णांची नजर गेली. बरेच दिवस हॉटेलात आले न्हाईत. मग सलीमभाईच त्यांना हाताला धरून घेऊन आला. म्हणाला, "बघायचं काम माझं, ऐकायचं तुमचं."

पर गडी पक्का पक्षपाती! बाई आली की, "काय चाल! काय तेज! सगळं जहाज उठून उभं राह्यलं!" अन् जुना भाग लागला की, "आला. बसला."

"कोट कसला घातलाय, ते तरी सांग की!"

"मळका."

हॉटेल हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं अण्णाच हसायचे. एकदा मात्र हसू ओसरल्यावर हळूच म्हणाले, "सलीम, नजरेपुढं आता हा एक कप्तानच राह्यलाय बाबा. जरा नीट सांगत जा."

*

परवा नवा भाग आला. पहिला कप्तान म्हातारा होऊन परत येणार, हे गौतमनं आधीच सांगितलेलं. अण्णा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले.

जहाज पेटलं. आत माणसं अडकली. बोलणं थांबलं, नुसता बाजा वाजायला लागला. पहिला कप्तान उठला, कोपऱ्यातल्या छोट्या यानात शिरला, आतनं दार लावून घेतलं अन् एकटाच निघून गेला. मागं वळून बघितलंसुद्धा न्हाय.

हॉटेलात कुणी कप खाली ठेवीना.

"सलीम? काय झालं रे? बोल की!"

गौतम काही बोलणार, तर सलीमभाईनं त्याचा दंड धरला.

"थांबलाय, अण्णा," तो म्हणाला. "एकेकाला हाताला धरून यानात बसवलं. म्हाताऱ्यांना आधी. जागा संपली, तसं दार लावून दिलं. आपण मागं राह्यला."

"व्हय? बघ! म्या काय म्हणत होतो?" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "अन् तुझी बाई? ती कुठं हाय?"

"हाय की. त्याच्यासमोरच हाय."

"काय करतीया?"

"सलाम करतीया, अण्णा."

टीव्हीवर खताची जाहिरात सुरू होऊन बराच वेळ झाला होता.