अप्पा, विमानात

तुम्हाला हो विमानातलं काय कळतं, असं कुणी विचारलं की माझं टाळकं सरकतं. मी जन्मात विमानात बसलेले नाही, हे खरं. हिंगोलीत मान वर केली तर आभाळात पांढरी रेघ तेवढी दिसते. पण पिवळ्या पडलेल्या फोटोतलं, शंभर वर्षांपूर्वीचं, कुणी नावही न ऐकलेलं विमान ओळखायचं असेल तर माझ्याकडंच यावं लागतं. शाळेत जन्मभर चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर बरोबरीच्या बायका भिशीत रमल्या आणि मी मोबाईलवर देशोदेशीच्या खुळ्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपात. कुणीतरी फोटो टाकतो, हे काय ते सांगा म्हणतो, आणि मग आमची जुंपते.

ती विमानं म्हणजे बांबू, लाकडाच्या पट्ट्या, ताणलेलं कापड आणि तारा. माणूस पुढं उघड्यावरच बसायचा. ओळखायची माझी रीत साधी आहे. माणसाची ऐट बघायची नाही, पंखांचा थाट बघायचा नाही. प्रत्येक तार कुठून निघाली आणि कुठं जाऊन बांधली, ते बोटानं बघत जायचं. बाकी सगळं फसवतं, गाठ फसवत नाही. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. ते मला उडत्या खटाऱ्यांची आरटीओ म्हणतात. म्हणोत बापडे.

आमच्या भिंतीला भिंत लागून आक्का राहतात. ऐंशीच्या आसपासच्या, लिंगायत, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसरा पिकायची वाट बघतायत, त्यामुळं बारीकसारीक काही दिसत नाही. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या सुनेचा मोबाईल हातात धरून माझ्याकडं आल्या.

“पोरी, तुला जुनी इमानं ओळखू येतेत म्हणं. हे पाह्य बरं.” आक्का विमानाला इमान म्हणतात.

पुसेगावला त्यांच्या वडिलांचं घर. तिथला चुलत भाचा नवं घर बांधायला जुनं पाडत होता, तेव्हा देवाच्या तसबिरीमागं एक फोटो सापडला. त्यानं मोबाईलवर पाठवला होता. “आमच्या अप्पाचा हाये,” आक्का म्हणाल्या. “तिथली म्हातारी माणसं म्हणतेत, अप्पाचा इमानातला फोटो.”

मी मोठा करून बघितला आणि काय सांगू, चष्मा पुसून पुन्हा बघितला. एक तरुण माणूस ताठ बसलेला. मागं-पुढं बांबूचा सांगाडा, डोक्यावर वाकवलेल्या कामट्या, दोन्ही बाजूंना ताणलेलं पांढरं कापड. दोऱ्या इकडून तिकडं गेलेल्या. पुढं लांब दांडा निघालेला. खालचा भाग कसरीनं खाल्लेला, म्हणून चाकं दिसत नव्हती. माणसाच्या हनुवटीखाली पट्टा, वैमानिक टोपीचा बांधतात तसा. डाव्या तळहातावर काहीतरी गोल. उंची मोजायचं घड्याळ, दुसरं काय!

“आक्का, हे विमानच आहे! अगदी पहिल्या पिढीतलं. असलं मीसुद्धा पाहिलेलं नाही.” मग मी थांबतेय होय! कुणा राजा-नवाबाकडं असं जुनं यंत्र पडून असणार, ते कुठंतरी लोकांना दाखवायला काढलं असणार, तुमचे अप्पा त्यात बसले म्हणजे काय साधी असामी नव्हे. माझी गाडी भरधाव सुटली होती.

“म्हंजे उडायचं इमान?” आक्कांनी विचारलं.

“तर हो! उडायचंच.”

आक्का भिंतीला धरून उठल्या आणि निघून गेल्या. मला मेलीला वाटलं, आनंदानं शब्द फुटेना म्हातारीला. मी लगोलग फोटो सुनेकडून मागवला, ग्रुपात टाकला आणि चहा ठेवला.

दुपारी आक्कांची सून आली ती धुसफुसतच. “बाई, काय सांगितलं हो तुमी आमच्या आत्याबाईला? जेवल्या न्हाईत. कपाळाची विभूती पुसून टाकली. भिंतीकडं तोंड करून बसल्यात.”

मग तिनं सांगितलं ते असं. आक्कांची आई बाळंतपणाला माहेरी, हट्ट्याला गेली होती. इकडं पुसेगावला अप्पा तापानं गेले. तेव्हा कुठली मोटार आणि कुठलं काय. निरोप पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. बायकोनं नवऱ्याचं तोंड पाहिलं नाही आणि पोटातल्या लेकरानं बापाचं. सासरच्यांनी पुन्हा नेलं नाही. आक्का मोठ्या झाल्या मामाच्या घरी. अप्पा कुठं गेले विचारलं की आई सांगायची, “विमानात बसून गेले.”

यात आईनं काही खोटं सांगितलं नव्हतं. लिंगायतांत मयत आडवं नेत नाहीत. बांबूच्या सजवलेल्या मखरात बसवून नेतात आणि त्या मखराला विमानच म्हणतात. आमच्यात तशी रीत नाही, पण रस्त्यानं जाताना कितीदा बघितलंय. हात जोडून बाजूला उभी राहिलेय.

पण हट्ट्याला मामी होती. भांडण झालं की ती आक्कांच्या आईला म्हणायची, “मेला कशाचा! हैदराबादेत दुसरी करून बसलाय. पाह्यलं का कुणी मेलेलं?” हट्ट्याच्या कुणीच पाहिलं नव्हतं. आई तशीच झुरून गेली. आक्कांनी तो टोमणा आईच्या मागं जन्मभर गिळला. आणि आता मी, मोठी जाणकार, छाती पुढं काढून सांगून बसले होते की अप्पा जिवंत, ताठ, उडायच्या विमानात बसलेत.

“मामी खरं बोलत व्हती म्हणून राहिल्या,” सून म्हणाली.

“मग आधी सांगायला काय झालं होतं!” मी तिच्यावरच खेकसले. ती बिचारी उठून गेली. राग कुणाचा होता ते मला बरोबर ठाऊक होतं. आपल्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटत होती.

फोटो पुन्हा उघडला. आता वेगळीच पंचाईत. सकाळी मला ते विमान हवं होतं, म्हणून विमान दिसलं. आता नको होतं. आता मला दुसरं काही दिसलं तर त्याच्यावर तरी विश्वास कसा ठेवू? म्हातारीचं मन राखायला थाप मारायची नव्हती. ती तिनं एका झटक्यात ओळखली असती.

आमचे हे मागून डोकावले. “हा ड्रायव्हर झोपलाय काहून?”

“तुम्ही गप्प बसा हो!” मी म्हटलं. पण बघितलं. डोळे मिटलेले होते खरे. तरी तो पुरावा नव्हे, जुन्या फोटोत डोळे मिटलेली माणसं खंडीभर. मग मी माझ्या रीतीवर आले. सकाळी हावरटपणात जे केलंच नव्हतं ते केलं, एकेका दोरीवर बोट ठेवत गेले.

बाजूची दोरी कापडाला गेलीच नव्हती. ती बांबूवरून निघून माणसाच्या छातीवरून मागच्या फळीला बांधली होती. दुसरी कमरेवरून. पंख धरायला नव्हे, माणूस कलंडू नये म्हणून. पुढच्या दांड्याच्या टोकाखाली घडी घातलेलं फडकं आणि कुणाचा तरी अर्धा खांदा. तळहातावरचं गोल ते घड्याळ नव्हतं, लिंगायत गळ्यात बांधतात ते इष्टलिंग होतं. राहता राहिला हनुवटीचा पट्टा. टोपीच्या पट्ट्याचा बंद हनुवटीखाली असतो. हा पट्टा दोन्ही कानांवरून वर गेला होता आणि गाठ डोक्यावर होती. तशी गाठ मी पाहिलेली आहे. माझे वडील गेले तेव्हा तोंड उघडं राहू नये म्हणून त्यांनाही तशीच बांधली होती.

ग्रुपात तोवर माझं अभिनंदन चाललं होतं. हे विमान नाही, विमान आहे, हे त्यांना कुठल्या भाषेत सांगणार? फोटो काढून टाकला.

मग चप्पल घातली. कुणाचा बाप मेलाय ही बातमी पेढ्यासारखी घेऊन जायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. आक्का तशाच बसलेल्या. कपाळ मोकळं, त्यामुळं ओळखीचा चेहराच परका वाटला.

“आक्का, मी चुकले. ते उडायचं नाही. ते तुमच्यातलं विमान आहे.”

“मला समजवायला आली का?” त्यांनी मानही वळवली नाही.

“नाही. देवाशपथ नाही.”

मोबाईल दाखवून उपयोग नव्हता, त्यांना दिसलंच नसतं. मी तिथल्या दोरीवरचं फडकं ओढलं, माझ्याच हनुवटीखालून घेतलं आणि डोक्यावर घट्ट गाठ मारली. त्यांचा हात धरून त्या गाठीवर ठेवला. “तुमच्या अप्पांना अशी बांधलीय.”

आक्कांची बोटं गाठीवरून फिरली, मग कानावरून खाली, हनुवटीपर्यंत. पुन्हा वर गेली.

“ही तर मी सोता बांधली व्हती,” त्या म्हणाल्या. “आमच्या मालकाला.” गाठ पुन्हा चाचपून म्हणाल्या, “बराबर पाह्यलं ना?”

“दोरी न् दोरी.”

“म्हंजे गेलेच व्हते.”

“होय आक्का. गेलेच होते.”

आणि म्हातारी हसली. हसता हसता डोळ्यांतून धार लागली, मांडीवर थाप मारून कधीच मेलेल्या बाईला म्हणाली, “ऐकलं का गं मामी? मेलेच व्हते माझे अप्पा!” मग सुनेला विभूतीचा डबा मागितला. मीही रडत होते. फडकं बांधलेलं, तोंड धड उघडत नव्हतं, तशीच.

कपाळावर पट्टे ओढता ओढता आक्कांचा हात थांबला.

“पोरी, त्या काळात फोटूवाला बलवणं म्हंजे केवढी तकलीफ. मेलेल्या माणसाचा फोटो कोणासाठी काढला असंल?”

त्यांचं त्यांनाच उमगलं.

“माझी माय हट्ट्याला व्हती. तिनं तोंड पाह्यलं नव्हतं. तिच्यासाठीच काढला असंल.” विभूतीची बोटं तशीच हवेत होती. “मंग तिला दाखवला काहून न्हाई?”