सील न तोडलेली बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही माझे कोण लागता? कुणीच नाही. म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय.

वसुधाची फार आठवण येते हो. लॅब सुटली की आम्ही दोघी टेम्पोने नया बाज़ारात उतरायचो, उभ्याउभ्या कचोरी खायचो, आणि बाईसाहेबांचं सुरू व्हायचं — सार्म, सार्म, सार्म. हे एका एन्झाइमचं नाव. नसांच्या लांबलचक तंतूंत ते असतं. एरवी गप्प. तंतूला इजा झाली की जागं होतं आणि तिथलं एनएडी फस्त करतं. एनएडी म्हणजे, सोपं सांगायचं तर, पेशीची शिदोरी. ती संपली की तंतू आपणहून तुटतो. वसुधा बोटाने चटणीचे आठ ठिपके द्रोणाच्या काठावर काढायची. सार्मचे आठ तुकडे — आठ जणींनी हात धरून फेर धरावा तसे. चटणी तिच्या ओढणीलाही लागायची, आणि तिला पत्ताच नसायचा.

तिचं म्हणणं असं, की सार्म जे खातं तेच त्याला आवरूनही धरतं. एनएडी भरपूर आहे तोवर त्याचा कण सार्ममधल्या एका जागी बसून राहतो आणि फेर सुटत नाही. कमी पडलं की ती जागा रिकामी, हात सुटले, खेळ खलास. हे दाखवायला तिने एक सार्म असं बनवलं की ती जागाच बिघडलेली. ते उघडं, म्हणजे हात सुटलेलं, निघायला हवं होतं, आणि मूळचं, न बिघडवलेलं, बंद. एवढंच. तिची शिष्यवृत्ती आणखी वर्षभर वाढवायची की नाही, हे आमच्या लॅबचे सर त्या एका तपासणीवर ठरवणार होते.

आमच्याकडे रीत होती — एन्झाइम शुद्ध करणारी वेगळी, तपासणारी वेगळी. म्हणजे आपल्याला हवं तेच दिसायला नको. शुद्ध करायचं काम माझ्याकडे होतं. आणि माझी एक घाण सवय. सकाळी वहीत कृती लिहितानाच सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण करून टाकायची. काम मागाहून. त्या दिवशी आई बाड्यावरच्या बाजारात माझ्या साखरपुड्याची साडी बघायला थांबली होती, दोनदा फोन आला होता. मी दोन्ही एन्झाइमं द्रावणात घालून ठेवली आणि पळाले. साडी मोरपिशी घेतली. अजून आहे.

दुसऱ्या दिवशी वसुधाने तपासलं. दोन्ही उघडी. मूळचंही.

ती तीनदा तपासून बसली. सर म्हणाले, तुझ्या त्या जागेचा काही संबंध नाही, विषय सोड. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि मी — मी फ्रीज उघडला. एनएडीची बाटली समोरच होती. सील तसंच. वहीत मात्र 'एनएडी घातलं' या ओळीपुढे माझ्या हाताची खूण. ते नसताना सार्म बंद राहणार कसं? वसुधा बरोबर होती. त्या खोलीत हे ठाऊक असलेली मी एकटी.

इथपर्यंत चूक म्हणा. चूक कुणाचीही होते. पण पुढे जे केलं त्याला काय म्हणाल? मी सील तोडलं. चमचाभर पावडर बेसिनमध्ये टाकली, नळ सोडला, बाटली जागच्या जागी ठेवली. लाज वाटली का? वाटली. तरी हात थांबला नाही.

महिन्याभरात वसुधा लॅब सोडून गेली. जाताना मला मिठी मारून म्हणाली, "सगळ्यांत तूच एक माझ्या बाजूने होतीस गं." पुढे परदेशात दुसऱ्यांनी तेच दाखवलं — एनएडीच सार्मला बंद ठेवतं. तो लेख मीच तिला पाठवला. उलट उत्तर आलं, 'देखा!' आणि हसरा चेहरा. मी फोन पालथा घातला.

आता तिचे सिटी सेंटरला क्लासेस आहेत. गेल्या महिन्यात बोलावलंन, मुलांना सार्म समजावून सांग म्हणून. मी फळ्यावर आठ ठिपके काढले. वसुधा शेवटच्या बाकावर मुलांत बसून टिपून घेत होती. ओढणीला शाई लागलेली. इतकं वाटलं, तिचा हात धरावा आणि नया बाज़ारात न्यावं. आणि मग तिने विचारलं, तक्रार नाही काही नाही, नुसतं कुतूहल, "शालू, मग तेव्हा आपलं मूळचं का गं उघडलं होतं?"

उत्तर जिभेवर होतं. दोन शब्दांचं.

"क्या पता," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि मुलांना सांगितलं, "मेरे ही हाथ से कुछ हुआ होगा." त्यांना म्हणाली, तपासताना सांभाळून करा, मी तसं केलं नाही. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. मी फळा पुसला.