जोडीने बसवलेली रॅम

खंडेनवमीला मी मुलीच्या कॉम्प्युटरची यथासांग पूजा केली आणि तिची हातातोंडाशी आलेली नोकरी जवळजवळ घालवली.

आमचे वडील लालबागच्या गिरणीत फिटर होते. खंडेनवमीला ते पाने-हातोडे पुसून पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचे. (मी जन्मभर कचेरीत बसलो. पाटावर काय मांडणार, स्टेपलर?) यंदा मात्र घरात खरंखुरं हत्यार होतं. मानसीने, माझ्या मुलीने, शिकवण्या करून स्वतः जुळवलेला कॉम्प्युटर! त्यावर ती कार्टूनची हलती चित्रं करते. दुपारी चारला एका स्टुडिओची माणसं ऑनलाइन येऊन तिचं काम बघणार होती. नोकरीचा फैसला त्यावरच. ती आंघोळीला गेली आणि मी कॉम्प्युटरचा डबा उघडला.

आत ही धूळ! ब्रशने झाडली. रॅमच्या दोन पट्ट्या अलगद काढून पाटावर ठेवल्या. (हळदकुंकू लांबूनच दाखवलं. तेवढी अक्कल आहे मला.) परत लावताना बघतो तर काय, खाचा चार, आणि मानसीने या दोघींच्या मध्ये एक खाच रिकामी सोडलेली! मला काही ते पटेना. पूजेला बसलेली जोडी अशी फटकून बसते होय? निवृत्त झाल्यापासून मी स्वतः बायकोला ओट्यापाशी खांद्याला खांदा लावून मदत करतो. जोडीचं महत्त्व मला कोणी शिकवू नये. मी दोघींना शेजारीशेजारी बसवलं. मशीन चालूही झालं!

साडेतीनला मानसीने रंगीत तालीम घेतली. तिने केलेली नाचरी कोळीण पडद्यावर आली, एक पाय उचलला, आणि विचारात पडली. बऱ्याच वेळाने पाय टाकला.

"आई गं! हिला काय झालं?" मानसी किंचाळली.

"गुडघे धरले असतील," बायको म्हणाली.

"आई, प्लीज! सकाळपर्यंत मस्त नाचत होती. रॅमपण पूर्ण सोळा जीबी दाखवतोय, मग लटकतोय कशाला?"

मानसीचे डोळे भरून आले. बायकोने आधी मुलीची, मग कोळणीची दृष्ट काढली. मी फ्रीज बंद केला, म्हणजे मशीनला करंट जास्त मिळेल. कोळीण ढिम्म! चारला दहा मिनिटं उरली. आणि तेवढ्यात मानसीला डब्यावर अक्षता दिसल्या.

"पप्पा, तुम्ही आत हात घातलात?"

"पूजा केली गं! पट्ट्या काढल्या, परत लावल्या. उलट नीट लावल्या, जोडीने!"

तिने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "अहो पप्पा, शेजारच्या दोन खाचांचा रस्ता एकच! तुम्ही दोघींना एकाच रस्त्यावर कोंबलंत. एक खाच सोडून लावल्या की दोघींना आपापला रस्ता मिळतो, डेटा डबल जातो. माझ्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्डपण नाही, चित्रंसुद्धा याच रॅमवर चालतात!"

मी थक्क झालो. पट्ट्या त्याच, सोळाचे सोळा शाबूत, नुसती बसायची जागा बदलली म्हणून एवढा अनर्थ? जळाल्या असत्या तर मी समजू शकलो असतो!

तिने एक पट्टी काढून पूर्वीच्या खाचेत बसवली. मशीन चालू झालं आणि कोळीण जी सुटली, ती स्टुडिओची माणसं "बस, बस" म्हणेपर्यंत थांबली नाही. नोकरी मिळाली! मला रडूच आलं.

बायको मात्र मघापासून त्या रिकाम्या खाचेचाच विचार करत होती. "म्हणजे मध्ये जागा सोडली की काम झपाट्याने होतं," ती सावकाश म्हणाली, आणि सोलायच्या वालांचं पातेलं उचलून माझ्या हातात देत तिने मला बाहेरच्या खोलीचा रस्ता दाखवला.

तेव्हापासून आमचा स्वयंपाक निम्म्या वेळात होतो. माझे वाल मात्र अजून सोलायचेच असतात.