दुबई म्हंजे बीडच की

गेवराई तालुक्यातून बाहेर पडलेला माणूस मुक्कामी पोचला की नाही, याची काळजी त्याच्या बायकोपेक्षा माझ्या चुलत सासऱ्यांना जास्त असते. तलवाड्यात त्यांचं किराणा दुकान आहे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, आणि त्यांच्या बायकोला काकू. घरचं कुणी गावाला निघालं, की 'पोचलो' असा फोन येईस्तोवर आप्पा अन्नाला शिवत नाहीत. एकदा मी बीडला उतरून आधी रसवंतीत शिरलो, तर इकडे काकूंनी आमटी पुन्हा पुन्हा गरम केली आणि आप्पांनी स्टँडवरच्या पानवाल्याला फोन करून मला हुडकायला लावलं. किलोमीटरवर त्यांचा विश्वास नाही. "किलोमीटर रस्त्याला असतेत जावईबापू, माणसाला वकत लागतो."

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याकडे दुबईला निघाली. एकटी, आणि पहिल्यांदाच विमानात. आप्पांनी चष्मा पुसून तिकीट वाचलं: मुंबईहून साडेचारला सुटणार, दुबईला सहाला उतरणार. "दीड तास! बीडला जायला एसटीला एवढंच लागतंय. दुबई म्हंजे बीडच की!" आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला साखरेबरोबर हे गणितही बांधून मिळालं. रडून रडून बेजार झालेल्या काकूसुद्धा त्यानं हसल्या. मुंबईपर्यंत पोरीचा मामा सोडायला गेला. आप्पा घरीच थांबले, कारण पोचल्याचा फोन घ्यायला कुणीतरी हवं.

त्या दिवशी मीही तलवाड्यातच होतो. सहा वाजले. फोन नाही. आप्पांनी लेकीला लावला, तर बंद. दुबईचा जावई कामावर, फोन उचलेना.

"टायर बसला आसंल," आप्पा म्हणाले आणि स्वतःच दचकले. "पर टायर बदलायला खाली रस्ता लागतो. खाली तर समुद्र हाय!"

गिऱ्हाईक तेलासाठी उभं असताना त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. काकू देवापुढं जाऊन बसल्या. सात वाजून गेले. "दीड तासाच्या रस्त्याला एवढा वकत कावून?" ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि मला तरी कुठं ठाऊक होतं? "येईल हो फोन," असं मी उगीच म्हणालो.

पावणेआठला फोन वाजला. आप्पांनी तो झडप घालून उचलला.

"पोचले आप्पा. विमान अगदी टायमावर आलं."

"टायमावर? आगं, पावणेआठ झाले!"

"इथं सव्वासहाच झालेत. इथलं घड्याळ दीड तास मागं हाय आप्पा."

आप्पा खाटेवर मटकन बसले. बीडएवढी दुबई एका फटक्यात दुप्पट लांब गेली होती. "तुमी जेवलात का?" पोरीनं विचारलं. "कवाच," आप्पा बेधडक खोटं बोलले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले.

परवा तलवाड्याला गेलो होतो. काकूंनी नेहमीच्या वेळेला ताटं वाढली, पण आप्पा काही जागचे हलेनात. मला वाटलं, कुणाचा तरी फोन यायचा असेल. तसं विचारलंही.

"न्हाई न्हाई, समदे पोचलेत," ते म्हणाले. "तुमी सुरू करा जावईबापू. तिकडं पोरगी आजून जेवाया बसली नसंल."